लिहिलंस ना माझं मत?

त्या शनिवारची आठवण आली की अजून माझं डोकं फिरतं. कोणावर, ते विचारू नका. यादी मोठी आहे आणि तीत मीही आहे.

मी आधी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये होते. तीस वर्षं लोकांचं रक्त तपासलं, मग रिटायर झाले आणि न्यू जर्सीतल्या एडिसन गावच्या घरात बसून कंटाळले. नवरा दिवसभर टीव्हीवरच्या बातम्यांशी भांडत असतो. त्याचं ऐकत बसण्यापेक्षा बाहेर पडावं म्हणून पिस्कॅटवेला जनमत चाचण्या घेणारी एक संस्था आहे, तिथे पार्ट टाइम लागले. कानाला हेडफोन, समोर स्क्रीन. कॉम्प्युटर नंबर लावतो, आपण पलीकडच्या माणसाला प्रश्न वाचून दाखवायचे आणि तो सांगेल त्याचं बटण दाबायचं. मैत्रिणी हसायच्या. घरी मला कोणी काही विचारत नाही, म्हणून मी इथे लोकांना विचारायला येते, असं मी त्यांना सांगायचे. ते फारसं खोटंही नव्हतं.

कामाचा नियम एकच, पण कडक. स्क्रीनवर लिहिलंय तेच वाचायचं, अक्षर इकडचं तिकडे करायचं नाही. माणूस काहीही बोलो, आपण ‘अरे वा’ म्हणायचं नाही, ‘अरेरे’ म्हणायचं नाही, साधा हुंकारसुद्धा मोजून द्यायचा. तोंड बंद ठेवायचं हे माझ्यासारखीला किती जड, ते माझ्या घरच्यांना विचारा. पण जमवलं मी. सुपरवायझर मधूनच आपली लाइन ऐकायची, कळायचंही नाही.

तेव्हा चाललेली चाचणी होती एका राष्ट्राध्यक्षाबद्दल. त्याची मुदत संपलेली, आणि जाताना त्याच्याबद्दल चांगलं बोलणारा माणूस शोधावा लागत होता. प्रश्न असा, की पुढे इतिहास या अध्यक्षांना कसं जोखेल: उत्कृष्ट, सरासरीपेक्षा वरचढ, सरासरी, सरासरीपेक्षा कमी, की निकृष्ट? बघा म्हणजे. माणसाच्या पोटात आग पेटलेली असते आणि आम्ही विचारणार इतिहासाबद्दल! लोक हसायचे. काही शिव्या घालायचे, इतक्या सणसणीत की हेडफोन काढून ठेवावासा वाटायचा. मी शांतपणे म्हणायची, थँक यू, यातलं कुठलं उत्तर तुमच्या मताच्या सगळ्यात जवळ आहे? आणि मनातल्या मनात म्हणायची, बाबा रे, अजून चार घाल, माझ्या वाटच्या. माझाही त्या माणसावर दात होताच. पण माझं मत कोणी विचारत नव्हतं.

स्क्रीनच्या तळाशी एक रांग असते बटणांची, मुलाखत झाली नाही तर का झाली नाही ते सांगणारी. घरी नाही. नकार दिला. चुकीचा नंबर. आणि एक लँग्वेज बॅरियर. आमच्याकडे प्रश्न दोनच भाषांत, इंग्लिश आणि स्पॅनिश. बाकी कुणी दुसरं बोलायला लागलं की लँग्वेज बॅरियर दाबायचं, तो नंबर यादीतून कायमचा जातो आणि पुढचा लागतो. या न्यू जर्सीत गुजराती बा उचलतात, पंजाबी आजोबा उचलतात, तेलुगू मावशी उचलतात. अर्ध्या मिनिटात मी बटण दाबायची. पटापट कॉल होतात म्हणून सुपरवायझर कौतुक करायची आणि मला बरं वाटायचं. आज सांगायची लाज वाटते, पण वाटायचं.

जूनचा पहिला आठवडा होता, शनिवारची दुपार. नंबर लागला तो घरातल्या जुन्या लँडलाइनचा. अजून लँडलाइन ठेवणारे कोण, तर आपलेच लोक. एका वयस्कर गृहस्थांनी उचलला आणि पहिल्या ‘हॅलो’लाच मला कळलं, मराठी आहेत. ते ‘हॅलो’ बँकेतल्या साहेबाचं होतं. मी सगळं इंग्रजीत वाचून दाखवलं. लँडलाइन असेल तर आमच्याकडे एक पद्धत होती: ज्याने फोन उचलला त्याला विचारायचं नाही, घरातल्या मोठ्या माणसांपैकी ज्याचा वाढदिवस सगळ्यात अलीकडे झाला असेल त्याला विचारायचं. नाहीतर काय होतं, फोन उचलणारा तोच तो माणूस उत्तरं देत राहतो आणि घरातली बाकीची माणसं राहूनच जातात.

काकांनी फोन स्पीकरवर टाकला. "आम्ही दोघंच असतो," ते इंग्रजीत म्हणाले. "माझा वाढदिवस परवाच झाला. फर्स्ट जून."

"आणि तुमच्या पत्नींचा?"

"तिचाही फर्स्ट जून."

इथे अमेरिकन मुलगी असती तर गोंधळली असती. मला हसू फुटलं. कारण माझाही एक जून! आमच्या वेळी शाळेत नाव घालताना आईबापांना तारीख कुठे आठवायची, हेडमास्तर आपले सगळ्यांना एक जून ठोकून द्यायचे. माझ्या वर्गात बावीस पोरं एका दिवशी जन्मलेली. तीच तारीख पासपोर्टवर चढली आणि आमच्याबरोबर विमानात बसून इकडे आली. आता स्क्रीनवर एकाचंच नाव पुढे सरकत होतं, दोघांसाठी जागाच नव्हती, आणि पलीकडे काका मराठीत पुटपुटले, "अगं, हिला सांगू काय आता?"

माझ्या तोंडून निघून गेलं. "काका, खरा वाढदिवस सांगा. तिथीचा."

मग काका इतक्या मोठ्याने हसले! "अहो, मराठी काय तुम्ही? मग असं सांगा ना आधी! माझा नागपंचमीचा. हिचा अक्षय्य तृतीयेच्या दुसऱ्या दिवशीचा."

म्हणजे अक्षय्य तृतीया होऊन जेमतेम महिना झालेला, आणि नागपंचमी मागल्या वर्षीची. नियमाप्रमाणे मुलाखत काकूंची. मी तसं सांगितलं.

"तिला काय विचारता?" काका म्हणाले. "तिला त्यातलं काय कळतंय? मला विचारा. आमचं दोघांचं मत एकच असतं."

तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. हे वाक्य मी आयुष्यभर ऐकलंय. आमच्या मंडळाच्या मीटिंगमध्ये ऐकलंय, डॉक्टरच्या खोलीत ऐकलंय, जिथे बाईचं पोट दुखत असतं आणि कुठे दुखतं ते नवरा सांगत असतो. पण मी नियमाला धरून, गोड आवाजात म्हटलं, "काका, कॉम्प्युटर त्यांचंच घेतो हो. माझ्या हातात नाही."

कॉम्प्युटरचं नाव घेतलं की आपले लोक ऐकतात. त्यांनी फोन स्पीकरवरून काढला आणि काकूंच्या हातात दिला.

काकूंचा आवाज बारीक, पण खणखणीत. मी नियमाप्रमाणे पहिला प्रश्न इंग्रजीत वाचला. त्या म्हणाल्या, "येस. गुड आफ्टरनून. आय अंडरस्टँड लिटल." मी पुन्हा वाचला. मग त्या मराठीत म्हणाल्या, "बाई, तू मराठी आहेस ना? मग असं काय करतेस? मला भाजी आणता येते इंग्रजीत, बसवाल्याशी बोलता येतं. हे एवढं मोठं नाही कळत. तू सांग मला, मी उत्तर देते."

आता बटण दाबायची वेळ होती. बोट गेलंही होतं.

"माझी सिटिझनशिपची परीक्षासुद्धा मराठीत झाली," त्या म्हणाल्या. "दुभाषा बसवला होता शेजारी. सगळे प्रश्न पाठ होते माझे. वय झालेल्यांना चालतं म्हणे तसं."

म्हणजे बघा! या देशाने बाईची परीक्षा तिच्या भाषेत घेतली, पास केलं, हातात झेंडा दिला, आणि तिचं मत घ्यायची वेळ आली की मात्र आमच्याकडे बटण. मी बोट उचललं. स्क्रीनवरचं इंग्रजी वाचत वाचत एकेक प्रश्न मराठीत सांगत गेले. आपण नियम मोडतोय हे मला पक्कं माहीत होतं.

वय, शिक्षण, नागरिकत्व, मागच्या निवडणुकीत मत दिलंत का, असे साधे प्रश्न आधी असतात. मत दिलंत का म्हटल्यावर काकू हळूच म्हणाल्या, "दिलं म्हणजे काय, पोस्टाने कागद येतो घरी. हे दोन्ही भरतात. मी सही करते."

मी ‘अगं बाई’ म्हटलं नाही. ओठ चावला.

"म्हणून तुला सांगते," त्या म्हणाल्या, "मला असं आजवर कोणी विचारलंच नव्हतं. ते आत गेलेत चहा टाकायला. विचार तू पटकन."

मग मी तो इतिहासाचा प्रश्न विचारला. जमेल तितकं नीट, पाचही उत्तरं सांगून.

"इतिहास काय म्हणेल ते मला काय माहीत?" काकू म्हणाल्या. "तेव्हा मी असणार आहे का? मी काय म्हणते ते लिही." आणि त्या बोलायला लागल्या.

त्यांची मुलगी ईडन प्रेरीला होती, मिनेसोटात. मुलगा इकडे, त्याने आईबापांना बोलावून घेतलेलं. मुलगी मात्र नवऱ्याच्या व्हिसावर, चौदा वर्षं. ग्रीन कार्डाच्या रांगेत उभे होते, ती रांग काही हलली नाही. मग जावयाची नोकरी गेली. नवी मिळवायला साठ दिवस, नाहीतर देश सोडायचा, आणि या अध्यक्षाच्या काळात नियम असे आवळले गेलेले, की कंपन्या कागदपत्रांचं लफडं नको म्हणून दारातूनच परत पाठवायच्या. काकू महिनाभर तिकडे जाऊन राहिल्या, घर आवरायला. मुलीने संसार गॅरेजसमोर मांडून विकला, पोरांचे बर्फातले बूटसुद्धा. नात नऊ वर्षांची, इथे जन्मलेली, तिने दप्तराच्या आतल्या कप्प्यात लायब्ररीचं कार्ड ठेवलं आणि आजीला विचारलं, हे पुण्यात चालेल का गं.

"मी काय सांगणार तिला? चालेल म्हटलं," काकू म्हणाल्या. "आणि तो टीव्हीवर म्हणायचा, बाहेरून आलेल्यांनी आमचं खाल्लं. आमचे हे मान डोलवायचे. म्हणायचे, बरोबर बोलतोय, ते आपल्याबद्दल नाही, दुसऱ्यांबद्दल आहे. अहो, लेक कोणाची गेली? दुसऱ्यांची?"

इतके दिवस लोकांच्या शिव्या ऐकल्या, पण असा राग ऐकला नव्हता. आवाज जराही चढला नव्हता त्यांचा.

"तर ते सगळ्यात खालचं काय म्हणालीस? ते लिही. त्याच्या खाली आणखी असेल तर ते लिही."

मी निकृष्टचं बटण दाबलं. स्क्रीनवर हिरवी टिक आली.

"लिहिलंस?"

"लिहिलं, मावशी."

"नक्की ना? ते आले बघ चहा घेऊन. लिहिलंस ना माझं मत?"

"लिहिलं. नक्की."

फोन ठेवला आणि मागे वळले, तर सुपरवायझर उभी. माझ्यापेक्षा तीस वर्षांनी लहान, अतिशय सभ्य मुलगी. तिने लाइन ऐकली होती. आवाज न चढवता ती म्हणाली, हे धरता येणार नाही. तू काय विचारलंस, कुठल्या शब्दांत विचारलंस, तपासायला आमच्याकडे कोणी नाही. सगळ्यांना तोच प्रश्न, त्याच शब्दांत विचारला तरच उत्तरं एकत्र मोजता येतात. तू हे उघड आणि लँग्वेज बॅरियर लाव.

मी भांडले. कशी भांडले! इंग्रजीत भांडताना माझ्या व्याकरणाची वाट लागते, लागू दे म्हटलं. मी म्हटलं, ती नागरिक आहे, तुमच्याच नियमाने तिची निवड झाली, विचारलेल्या सगळ्या प्रश्नांची तिने उत्तरं दिली, बॅरियर कुठाय? बॅरियर तुमच्याकडे आहे! दोनच भाषा तुम्ही ठेवल्यात आणि खापर तिच्या माथी? मग मराठी येणाऱ्या दुसऱ्या कोणाकडून परत फोन करवा. तशी सोय नाही, ती म्हणाली. आजूबाजूची पोरं हेडफोन लावल्यासारखं करून ऐकत होती.

आणि गंमत म्हणजे, ती चूक नव्हती. तीस वर्षं लॅबमध्ये मी हेच केलं. चुकीच्या नळीत घेतलेलं रक्त कितीही चांगलं असो, मी ते बिनदिक्कत फेकून द्यायची. पण तिथे पेशंटला परत बोलावून नीट घेता यायचं. या बाईला परत कोण बोलावणार होतं?

मी ते उघडलं. हिरवी टिक पुसली. लँग्वेज बॅरियर दाबलं. सुपरवायझर ‘थँक यू’ म्हणाली आणि गेली. मला तिथेच हेडफोन आपटून निघून जायला हवं होतं, नाही का? गोष्टीतली बाई गेली असती. मी शिफ्ट पूर्ण केली. आणखी नऊ घरांना त्याच गोड आवाजात इतिहासाबद्दल विचारलं. आणि चाचणी संपेपर्यंत पुढचे दोन आठवडे रोज गेले. राग आला तरी कामावर जायचं, ही आमची सवय. तीच नडली.

निकाल पेपरात आला तेव्हा नवरा मोठ्याने वाचून दाखवत होता, जनता काय म्हणते, इतिहास काय म्हणेल. मी त्याच्या हातातून पेपर ओढला. गोऱ्यांचं काय मत, काळ्यांचं काय मत, लॅटिनो काय म्हणतात, सगळ्यांचे रकाने. आशियाई म्हणून रकाना होता, त्यात आकडा नाही, नुसती चांदणी. खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं, पुरेशी उत्तरं मिळाली नाहीत. पुरेशी मिळाली नाहीत म्हणे! मेल्यांनो, मिळालेलं पुसायला लावलंत की! नवरा घाबरून बघायला लागला. "तुला काय झालं?" मी काही सांगितलं नाही. मुलाखतीत ऐकलेलं बाहेर बोलायचं नाही अशी सही केलेली असते आमची. आणि सांगायचं तर पुसणाऱ्या हाताचंही सांगावं लागलं असतं. दुसऱ्या दिवशी फोन करून कळवलं, आता येत नाही.

मग ऑक्टोबर उजाडला. दिवाळीच्या आधीचा रविवार, आपल्या देशी दुकानांच्या ओक ट्री रोडवर पाय ठेवायला जागा नाही. मी दुकानात पातळ पोहे आणि भाजके शेंगदाणे घेऊन रांगेत उभी. माझ्या पुढे एक वयस्कर जोडपं. काका ट्रॉली धरून फोनवर कोणाशी तरी बोलत होते. काकू बुटक्या, निळा स्वेटर, त्यांच्या पुढच्या एका ओळखीच्या बाईंशी गप्पा मारत होत्या. आणि तो आवाज आला. बारीक, खणखणीत.

"अगं, मला फोन आला होता उन्हाळ्यात. मराठी बाई होती, फार चांगली. माझं मत घेतलं तिने. ह्यांचं नाही, माझं. पेपरात आलं ना मग ते सगळं, लोक काय म्हणतात त्या अध्यक्षाबद्दल? त्यात मी आहे."

‘फार चांगली’ म्हणे!

"मुलीलाही सांगितलं मी पुण्याला फोन करून," काकू म्हणत होत्या. "म्हटलं, तुझ्या वाटचं बोललेय मी, लिहून घेतलंय त्यांनी. आणि आता कागद आलाय ना घरी मतदानाचा, ह्यांना सांगितलंय, माझ्या कागदाला हात लावायचा नाही. मी भरणार. एकदा विचारलं ना मला, मग आता मला येतं."

काका फोनवर बोलता बोलता थांबले आणि म्हणाले, "चार दिवस झाले, कपाटाला कुलूप लावून ठेवलाय तो कागद हिने." तक्रारच होती, पण आवाजात बायकोचा जरा धाक होता.

मला त्यांच्या खांद्यावर हात ठेवून सांगावंसं वाटलं, मावशी, मीच ती. आणि मी ते पुसलं. त्या चांदणीतसुद्धा तुम्ही नाही. पण मग त्या कपाटाच्या कुलपाचं काय झालं असतं? तोंड उघडलं असतं तर पहिल्या शब्दाला आवाज ओळखला असता त्यांनी. फोनवर ऐकलेले आवाज असे लोक विसरत नाहीत.

ते दोघं पैसे देऊन बाजूला झाले, पण दारापाशी उभे राहून पिशव्या नीट लावत बसले, माझ्यापासून चार हातांवर. माझा नंबर आला. काउंटरवरच्या बाईने पोह्यांची दोन पाकिटं, शेंगदाणे, गूळ, तुपाची बरणी पुढे सरकवली आणि विचारलं, "बॅग हवीय, ताई?"

हवी होती. घरून आणायला विसरले होते. मी नुसती मान हलवून नाही म्हटलं, आणि सगळं सामान छातीशी कवटाळून काकूंच्या बाजूने बाहेर पडले. त्यांनी माझ्यासाठी दार धरून ठेवलं होतं. मी थँक यूसुद्धा म्हटलं नाही.